भारतीय अ‍ॅनोफेलिस डासांची ओळख: पार्श्वभूमी

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भित्तिकेत हिवतापाचे परजीवी वाढताना आढळले, तेव्हा तो डास कोणत्या जातीचा, हे त्यांना सांगता आले नाही. ठिपकेदार पंखांचा डास, एवढेच वर्णन त्यांनी केले. हिवतापाला आळा घालायचा तर एवढ्याने भागणार नव्हते, कारण प्रत्येक जात निराळ्या प्रकारच्या पाण्यात अंडी घालते.

जातिनिश्चितीला मात्र लवकरच वेग आला. १९०१ मध्ये जाइल्स यांनी होशंगाबादच्या नमुन्यांवरून अ‍ॅनोफेलिस, म्हणजे हिवताप पसरवणाऱ्या डासांच्या गटातील, क्युलिसिफेसीज या जातीचे वर्णन केले आणि त्याच वर्षी लिस्टन यांनी वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथील डासावरून अ‍ॅनोफेलिस स्टीफेन्सी ही जात नोंदवली. पुढे १९३३ मध्ये ख्रिस्तोफर्स यांनी भारतीय अ‍ॅनोफेलिसवरील ग्रंथ सिद्ध केला. ही सारी ओळख प्रामुख्याने डासाच्या पंखांवरील व पायांवरील सूक्ष्म खवल्यांच्या रंगावर उभी होती. स्टीफेन्सीच्या पायांवर बारीक पांढरे ठिपके असतात. क्युलिसिफेसीजचे पाय साधे असून पंखाची तिसरी शीर बहुतांशी काळी असते. जुन्या नमुन्यावरचे खवले झडले, की भिंगाखालीही निर्णय अवघड होतो.

या बारकाव्यांचे मोल मुंबईत दिसले. शहरातील हिवतापाच्या मुळाशी विहिरींत वाढणारा स्टीफेन्सी आहे, असे बेंटली यांनी १९११ च्या अहवालात दाखवले आणि त्यानंतर विहिरी झाकण्याचे व बुजवण्याचे काम, धार्मिक भावनेतून झालेला विरोध सोसत, पुढे गेले. जात नेमकी कळली नसती, तर तोच पैसा गटारे आणि दलदलीवर खर्च झाला असता, असे मला वाटते.

खवल्यांची मर्यादा १९८० मध्ये उघड झाली. अंडी अर्धवट भरलेल्या मादीच्या अंडाशयातील गुणसूत्रांच्या पट्ट्या तपासल्यावर क्युलिसिफेसीज ही एक जात नसून बाहेरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या जातींचा समूह आहे, हे स्पष्ट झाले. आधी ए आणि बी, नंतर सी, डी व ई अशा पाच जाती त्यात ओळखल्या गेल्या. भारतात यांपैकी बी मुख्यतः जनावरांचे रक्त पिते आणि हिवताप फारसा पसरवत नाही. त्यामुळे १९८० पूर्वीच्या पाहणीत नुसते ‘क्युलिसिफेसीज’ लिहिलेले असेल, तर त्या गावातील डास रोगवाहक होते की निरुपद्रवी, हे त्या नोंदीवरून ठरवता येत नाही.