नव्या कंट्रोलरचं भवितव्य कशावर ठरतं?

व्हिडिओ गेम खेळायला बटणं आणि दोन स्टिक सोडून भलत्याच पद्धतीने चालणारा कंट्रोलर जाहीर झाला, की चर्चा सेन्सर किती अचूक आहे आणि हातात कसा बसतो यावरच होते. मागचे निकाल मात्र दुसरीकडेच लागलेले दिसतात. त्या कंट्रोलरशिवाय खेळताच येणार नाही असा एखादा चांगला गेम सोबत होता का? आणि तो कंट्रोलर सगळ्या खेळाडूंकडे असेल याची गेम बनवणाऱ्यांना खात्री होती का? बहुतेक कंट्रोलर इथेच तरले किंवा बुडाले.

आज नेहमीचं वाटणारं अधिकच्या चिन्हासारखं दिशेचं बटण १९८२मध्ये नवलाईचंच होतं. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांना मिटवून खिशात टाकता येईल असं ‘डाँकी काँग’चं छोटं यंत्र करायचं होतं आणि वर आलेला जॉयस्टिकचा दांडा त्यात मावेना. म्हणून चपटं बटण आलं. पुढच्याच वर्षी ते फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राच्या, कंट्रोलरवर बसलं. कन्सोलसोबतच मिळत असल्याने ते वेगळं घ्यायला कुणाला पटवावं लागलं नाही.

१९८९चा पॉवर ग्लव्ह याच्या अगदी उलट. अमेरिकेत मॅटेलने विकलेला हा हातमोजा म्हणजे व्हीपीएल रिसर्चच्या महागड्या डेटाग्लव्हचा स्वस्तातला भाऊ. मोज्यातून निघणारे श्राव्यातीत ध्वनी टीव्हीभोवती लावलेले मायक्रोफोन टिपत आणि त्यावरून हाताची जागा ठरे. जाहिरातीत हे झकास दिसे. पण खास त्याच्यासाठी म्हणून आलेले गेम अवघे दोन. बाकीच्यांसाठी मनगटावरच्या बटणांनी आकडे टाकून मोज्याला साध्या कंट्रोलरची नक्कल करायला लावायची. जे काम अंगठा बसल्या जागी करतो, तेच हात हवेत धरून करायचं, तेही कमी अचूकपणे.

निन्टेन्डोने २००६मध्ये वी हा कन्सोल आणला तेव्हा त्याचा हातात धरून हलवायचा रिमोटही फार अचूक नव्हता. मनगटाचं वळणं नीट ओळखायला २००९मध्ये मोशनप्लस हा वेगळा जोड द्यावा लागला. सोफ्यावर बसून नुसतं मनगट झटकलं तरी टेनिसचा फटका बसतो, हे खेळाडूंनी लवकरच ओळखलं. तरीही कन्सोल १० कोटींवर खपला. रिमोट प्रत्येक खोक्यात होताच, शिवाय अमेरिका आणि युरोपात ‘वी स्पोर्ट्स’ हा टेनिससारख्या खेळांचा गेमही सोबत मिळत होता. रिमोट हातात घेतला की कुणाला काही समजावून सांगायची गरज उरत नसे.

पण खोक्यात कोंबलं की काम झालं, असंही नाही. खेळाडूच्या अंगाच्या हालचाली टिपणारा मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट हा कॅमेरा २०१०मध्ये एक्सबॉक्स ३६० या कन्सोलसाठी वेगळा मिळत होता आणि पहिल्या ६० दिवसांत ८० लाख विकला गेला. मग २०१३मध्ये कंपनीने तो एक्सबॉक्स वन या पुढच्या कन्सोलसोबत सक्तीचा केला. किंमत ४९९ डॉलर झाली. प्रतिस्पर्धी सोनीचा प्लेस्टेशन ४ मिळत होता ३९९ला. नाचाच्या गेमला किनेक्ट शोभून दिसे, पण तो नसेल तर खेळच अडेल असा मोठा गेम आलाच नाही. २०१४च्या जूनमध्ये तो खोक्यातून बाहेर पडला. मग गेम बनवणाऱ्यांना त्याची दखल घ्यायचं कारणच उरलं नाही आणि २०१७मध्ये उत्पादनही थांबलं.

‘गिटार हिरो’चं प्रकरण निराळं. २००५मध्ये आलेल्या या गेमची प्लास्टिकची गिटार म्हणजेच गेम होता. पण एकाच कामाचा कंट्रोलर त्या कामाची हौस असेतोवरच चालतो. २०११मध्ये अॅक्टिव्हिजन या गेम कंपनीने त्या मालिकेचा गाशा गुंडाळला.

वाल्व या गेम कंपनीचा २०१५चा स्टीम कंट्रोलर मला जास्त बोलका वाटतो. माऊसवर चालणारे गेम दूर बसून खेळता यावेत म्हणून त्यात उजव्या स्टिकच्या जागी ट्रॅकपॅड होता. नवे गेम लागणार नव्हते, ही जमेची बाजू. पण त्यामुळेच त्याची तुलना थेट साध्या कंट्रोलरशी झाली आणि हाताला सवय व्हायलाही वेळ लागे. २०१९मध्ये उरलेला माल पाच डॉलरला काढला गेला. ट्रॅकपॅड मात्र वाल्वच्याच २०२२च्या स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्रावर पुन्हा दिसले, या वेळी नेहमीच्या स्टिकच्या जोडीला.

जुन्याच गेमवर चालणारा, तरी या तुलनेतून सुटलेला एक कंट्रोलर म्हणजे २०१८चा एक्सबॉक्स अॅडॅप्टिव्ह कंट्रोलर. दोन मोठी बटणं आणि मागे १९ जॅक. ज्याला जे अवयव हलवता येतात त्याप्रमाणे स्विच जोडायचे. साधा कंट्रोलर ज्यांना धरताच येत नाही, त्यांच्यासाठी त्याहून बरा की वाईट हा प्रश्नच नव्हता.

छोट्या कंपनीने आज काही विक्षिप्त आणायचं ठरवलं, तर तिला पॅनिक या कंपनीच्या २०२२च्या प्लेडेटकडे पाहता येईल. या हातात मावणाऱ्या यंत्राच्या कडेला फिरवायचा हँडल आहे. कंपनीने २४ गेम यंत्राच्या किमतीतच दिले, आठवड्याला दोन याप्रमाणे. हँडल प्रत्येक यंत्रावर असल्याने बनवणाऱ्यांना त्याचा भरवसा होता. काही गेमनी तो वापरलाच नाही, आणि कंपनीनेही तशी सक्ती केली नाही.