रिपोर्ट सारखाच, पण झिंक कमी की चरबी जास्त?

वीर्यतपासणीत शुक्राणू कमी आले की घरात दोन फर्मानं सुटतात: तेल-तूप बंद आणि मेडिकलमधून झिंकच्या गोळ्या. पण मूळ कारण झिंकची कमतरता की जादा चरबी, हे रिपोर्टवरून ओळखू येत नाही, कारण टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) दोन्हींत घटू शकतं.

झिंक अपुरं असलं तर वृषणातलं कामच रेंगाळतं. 1960च्या दशकात संशोधक डॉ. आनंद प्रसाद यांना इराण-इजिप्तमधल्या तरुणांत खुंटलेली वाढ आणि अविकसित जननेंद्रियं दिसली. त्यांचं जेवण मुख्यतः रोटीचं, आणि धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य झिंक शोषू देत नाही. भाकरी-चपातीवर भिस्त असलेल्या आपल्यालाही हे लागू पडतं. पुरुषाला रोज 17 मिलिग्रॅम झिंक हवं, असं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2020ची शिफारस सांगते. दारू, जुनाट जुलाब, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार (नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडे तो आढळतो) असेल तर शंका आधी झिंकची घ्यावी. रक्तातलं झिंक मात्र जेवणानंतर किंवा तापातही उतरतं, त्यामुळे एका आकड्यावर जाऊ नये.

चरबीचं प्रकरण उलटं आणि जरा गुंतागुंतीचं. टेस्टोस्टेरॉन बनतं कोलेस्टेरॉलपासूनच, म्हणून तेल पार तोडणंही बरं नव्हे. त्रास होतो तो पोटाच्या घेरामुळे: चरबीतलं अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, करतं. डेन्मार्कच्या 2013च्या पाहणीत संपृक्त (तूप-लोण्यासारखी) चरबी जास्त खाणाऱ्या तरुणांत शुक्राणू कमी दिसले. अर्थात हा संबंध आहे, पुरावा नव्हे. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या रात्रपाळीत वडे-भजी खाऊन वजन वाढलेल्या माणसाला झिंकची गोळी काय करणार?

नाशिकची मिसळ इथे गमतीशीर आहे. मटकीला मोड आले की फायटेट घटतं, म्हणजे झिंकच्या बाजूने ती चांगलीच. घोळ वरच्या तर्रीत, आणि दुसऱ्यांदा मागितलेल्या पावात.

अमेरिकेत 2,370 पुरुषांवर चाचणी झाली, तिचा निकाल 2020 साली आला. सहा महिने रोज 30 मिलिग्रॅम झिंक आणि फॉलिक अॅसिड देऊनही ना शुक्राणू सुधारले, ना जन्मलेल्या बाळांची संख्या वाढली. पोटाच्या तक्रारी तेवढ्या वाढल्या. रोज 40 मिलिग्रॅमच्या वर बरेच दिवस घेतलं तर शरीरात तांब्याची कमतरता होऊ शकते, ती वेगळीच.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. त्यामुळे आहार बदलला असेल तर त्याचा परिणाम पाहायला पुढची तपासणी तीन महिन्यांनी करावी, आणि तोवर युरोलॉजिस्टकडून व्हेरिकोसील (वृषणाच्या वरच्या फुगलेल्या शिरा) तपासून घ्यावं.