मुलींचा युवा फुटबॉल (कोकण किनारा)

मुलींचा युवा फुटबॉल (कोकण किनारा) : १७ आणि २० वर्षांखालील राष्ट्रीय संघांपर्यंत पोहोचू शकतील अशा खेळाडू किनारपट्टीवर घडवण्याची पद्धत. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या मुली महाराष्ट्राकडून खेळतात; त्यांची राज्य संघटना वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन. तेरेखोल नदी ओलांडली की गोवा फुटबॉल असोसिएशनची हद्द लागते. शाळा, जिल्हा, राज्य संघ, राष्ट्रीय स्पर्धा आणि शेवटी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे शिबिर, अशी ही चढण. शिबिरात निवड होते, डावपेच बसवले जातात. चेंडूचा पहिला स्पर्श, म्हणजे आलेला चेंडू पहिल्याच झटक्यात ताब्यात घेणे, मात्र तिथे शिकवता येत नाही. तो आठ ते तेरा या वयात गावच्या मैदानावरच पायात उतरलेला असावा लागतो.

२०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा तीन यजमान शहरांपैकी नवी मुंबई आणि मडगाव ही दोन याच किनाऱ्यावरची होती. ३० ऑक्टोबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेनने कोलंबियाला १–० असे हरवले. यजमान म्हणून थेट प्रवेश मिळालेला भारत भुवनेश्वरला अमेरिका (०–८), मोरोक्को (०–३) आणि ब्राझील (०–५) या तिन्ही संघांकडून हरला. सोळा गोलांची ही दरी काही महिन्यांच्या शिबिराने बुजणारी नव्हती. दर आठवड्याला खरे सामने खेळत वाढलेल्या मुलींसमोर सरावावरच भिस्त असलेल्या मुली चेंडू मिळाल्यावर काय करायचे याचा विचार करत थांबतात, आणि तेवढ्यात चेंडू गेलेला असतो.

कोकणात पहिला प्रश्न जागेचा. सपाट, मोकळी जमीन सापडते ती सड्यावर (कातळाच्या पठारावर), आणि सडा म्हणजे जांभा दगड. त्यावर चेंडू गुडघ्याच्या वर उसळतो, मुली तो पायाने अडवण्याऐवजी अंगाने थोपवायला शिकतात आणि ती सवय गवताच्या मैदानावर नडते. उपाय साधा आहे : हवा कमी भरावी. नियमात ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर दाब चालतो. कातळावर खालची मर्यादा धरावी. लांब स्टडचे बूट इथे घालू नयेत. स्टड जमिनीत रुतत नाहीत, पाय घसरतो आणि घोटा मुरगळतो. रबरी आखूड स्टड पुरतात. भातकापणीनंतर कुणगे (भाताची छोटी शेते) मोकळे होतात, पण धसकटे पायात घुसतात. आधी ती खणून काढून रोलर फिरवावा. पावसाळ्यात चिखलात खेळवण्याचा मोह टाळलेला बरा, कारण लेप्टोस्पायरोसिसचा (साचलेल्या दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या संसर्गाचा) धोका खरा आहे. पायाला जखम असलेल्या मुलीला साचलेल्या पाण्यात उतरवू नये.

पुळण (समुद्रकाठची वाळू) हे फुकटचे मैदान, मात्र ते भरतीच्या वेळापत्रकावर चालते. मच्छीमारांचा हिशेब इथे कामी येतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, पहाटे आणि संध्याकाळी रुंद, घट्ट वाळू मिळते. अष्टमीला नेमक्या त्याच वेळी पाणी वर असते. महिन्याचा आराखडा शाळेच्या वेळापत्रकाआधी पंचांगाशी जुळवावा लागतो. ओल्या वाळूवर पासिंग आणि छोटे सामने चालतात. कोरड्या, भुसभुशीत वाळूवर आठवड्यातून एकदा वीस मिनिटे पुरे. जास्त केल्यास पोटरी आणि टाचेची शीर धरते. पुळण समुद्राकडे उतरती असते, म्हणून प्रत्येक धाव उलट दिशेनेही घ्यावी, नाहीतर भार एकाच पायावर येतो.

नव्वद मिनिटांच्या सरावात निम्मा वेळ तरी सामन्यासारखी परिस्थिती हवी. आठ मीटरच्या चौकोनात चौघींविरुद्ध दोघी, नंतर ३० बाय २० मीटरमध्ये चौघींविरुद्ध चौघी. नेहमीची चूक म्हणजे रांगेत उभे करून एकेकीला शूट मारायला लावणे : वीस मुलींत प्रत्येकीच्या वाट्याला फार तर दहा स्पर्श येतात. कबड्डी किंवा खो-खोतून तेराव्या वर्षी आलेली मुलगी दिशा झटक्यात बदलते, अडवायला घाबरत नाही, पण चेंडूशी तिची ओळख नसते. तिला घरी एक चेंडू द्यावा. मुलींसाठी लहान वयात चार नंबरचा.

गुडघ्याच्या पुढच्या लिगामेंटची इजा मुलींत मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळते. उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात, तिथेच घात होतो. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ हा पंधरा व्यायामांचा वॉर्म-अप यासाठीच आहे : आठ मिनिटे धावणे, दहा मिनिटे ताकद आणि तोल, दोन मिनिटे वेग. आठवड्यातून किमान दोनदा, आणि उतरताना गुडघा पंज्याच्या रेषेत आहे की नाही हे समोर उभे राहून पाहावे. नुसत्या उड्या मोजण्यात अर्थ नाही. साधारण बाराव्या वर्षी उंची झपाट्याने वाढते, तेव्हा पाय अवघडल्यासारखे होतात. दर तीन महिन्यांनी उंची मोजावी आणि त्या काळात उड्या कमी कराव्यात. याच वयात चपळाई हरवली म्हणून मुलीला संघातून काढणारे प्रशिक्षक पुष्कळ आहेत. शिवाय वयोगट १ जानेवारीपासून मोजतात; डिसेंबरात जन्मलेली मुलगी जानेवारीतल्या मुलीपेक्षा जवळपास वर्षाने लहान असूनही त्याच गटात उभी असते.

दम लवकर लागतो तो नेहमी आळसाने नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर धावण्याचा व्यायाम वाढवून उपयोग नाही, आधी डॉक्टर. कुळथाची पिठी, तारली-बांगडा, वर लिंबू हे घरातच असते; जेवणावरचा चहा तेवढा बंद करावा, तो लोह शोषू देत नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी द्यावे. त्यात थोडे कोकमाचे खारट आगळ आणि साखर घातली की मीठही भरून निघते.

मुली गळतात त्या बहुधा दहावीच्या वर्षी, आणि कारण क्वचितच फुटबॉल असते. मैदानाशेजारी शौचालय, गडद रंगाच्या शॉर्ट्स, पाळीच्या दिवसांची नोंद ठेवणारी एखादी बाई प्रशिक्षक किंवा सहायक, आणि शेवटच्या एसटीच्या अर्धा तास आधी संपणारा सराव, एवढे जमले तर बऱ्याच जणी टिकतात.