नाईकांचा वाडा, तीन पर्वे आणि गोव्यातला न संपलेला वाद

झी मराठीवरच्या ‘रात्रीस खेळ चाले’ या कोकणातल्या नाईक कुटुंबाच्या भुताटकीच्या मालिकेचे पहिले पर्व २०१६ मध्ये आले आणि तिसरे २०२२ मध्ये संपले. तरीही उत्तर गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या मराठी घरांत चार माणसे निवांत बसली की विषय निघतोच. पहिले पर्व खरे की दुसरे? तिसरे काढायची गरज होती का? घरधनी अण्णा नाईकांच्या प्रेयसीच्या, म्हणजे शेवंताच्या, भूमिकेत दुसरी नटी आली; ती नवी शेवंता ही शेवंताच का? चतुर्थीला मुंबई-पुण्याहून आलेली भावंडे गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून यावर तावातावाने बोलतात. वरवर हा आवडीनिवडीचा वाद दिसतो. पण त्याची मुळे मालिकेच्या तिन्ही पर्वांच्या घडणीत आहेत आणि थोडी गोव्याच्या उत्तर सीमेवरच्या इतिहासातही आहेत.

इतिहासापासूनच सुरुवात करतो. मालिकेतला वाडा आहे सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यातल्या आकेरीत. पत्रादेवीचा नाका ओलांडला की बांदा, मग सावंतवाडी, आणि कुडाळच्या रस्त्याला आकेरी; पेडण्याहून निघालेला माणूस तासाभरात तिथे पोचतो. मालिका जोरात होती तेव्हा गोव्यातून कितीतरी गाड्या फक्त तो वाडा बघायला जात. पेडणे महाल १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांच्या हातून पोर्तुगीजांकडे गेला. डिचोली आणि सत्तरी त्याआधी काही वर्षे गेले होते. तिसवाडी, बार्देश, सासष्टीतली देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली. नव्या काबिजादीत, म्हणजे पेडणे, डिचोली, सत्तरी अशा उशिरा मिळवलेल्या महालांत, मात्र पोर्तुगीज पोचले तेव्हा धर्माच्या बाबतीत त्यांचा हात सैल झाला होता. त्यामुळे देवळे, गावऱ्हाटी म्हणजे गावाची देवकार्याची रीत, देवाला कौल लावून विचारणे, वर्षाचे गाऱ्हाणे हे सगळे सीमेवरच्या तेरेखोल नदीच्या दोन्ही काठांवर जवळपास सारखेच राहिले. मालिकेतली मालवणी पेडण्यात कुणाला समजावून सांगावी लागली नाही. मालिकेतल्या विसरभोळ्या पांडूचे ‘इसारलंय’ (विसरलो) इथल्या पोरांच्या तोंडी दुसऱ्या दिवशीच होते.

वाड्याच्या ओळखीचेही तसेच. राजांगण, पडवी, मागचे न्हाणीघर, काळोखी माजघर, परसातली विहीर आणि त्या सगळ्यावर वाटणीचे सावट. गोव्याच्या नागरी कायद्यात बापाला सगळी मालमत्ता मर्जीप्रमाणे कुणाच्याही नावावर लिहून देता येत नाही. निम्मा वाटा मुलांसाठी राखलेला असतो. म्हणून इथे जुन्या घरांना वीस-वीस वारस असतात आणि कौले फुटली तरी ती कुणी बदलायची हे ठरत नाही. एकत्र जमलेले कुटुंब, मधे बापाची मालमत्ता, आणि रात्री कसलातरी आवाज: एवढ्याने इथला प्रेक्षक पहिल्याच आठवड्यात आत ओढला गेला यात आश्चर्य नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये पहिले पर्व सुरू झाले आणि ऑक्टोबरमध्ये संपले. अण्णा नाईक सुरुवातीलाच जातात. त्यानंतर जे घडते ते अण्णांमुळे, घरातल्या कुणामुळे, की आणखी कशामुळे, हे कळू न देणे हाच त्या पर्वाचा प्राण होता. थोरली सून नीलिमा विज्ञानाच्या बाजूने प्रत्येक गोष्टीचे कारण शोधायची, बाकीचे देवाला विचारायला निघायचे आणि अण्णांची बायको माई मधे उभी. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला होता, त्याच वर्षी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली होती. त्या पार्श्वभूमीवर अशी मालिका आली म्हटल्यावर अंधश्रद्धेला खतपाणी घातले जाते, कोकणाची बदनामी होते, असे आक्षेप सिंधुदुर्गातूनच उठले आणि मालिका बंद करा अशी मागणीही झाली. आक्षेप रास्त होता असे मला वाटत नाही, पण तो समजण्यासारखा होता. कोकण म्हणजे भुते, हे समीकरण बाहेरच्यांनी कोकणावर फार वर्षे लादले आहे.

आधीच्या काळात टीव्हीवर भुतांच्या गोष्टी नव्हत्या असे नाही. ‘झी हॉरर शो’ १९९३ मध्ये आला, ‘आहट’ १९९५ मध्ये. त्या गोष्टी एक-दोन भागांत आटपायच्या. रोज रात्री त्याच घरात जायचे, त्याच माणसांबरोबर घाबरायचे, हे मराठी प्रेक्षकाला नवे होते. आणि वादाचे बीज तिथेच पडले. एका भागात संपणाऱ्या भुताला चेहरा नसला तरी चालते. महिनोन् महिने सोबत राहणाऱ्या भुताला कधी ना कधी चेहरा द्यावाच लागतो.

तो दुसऱ्या पर्वाने दिला. जानेवारी २०१९ मध्ये मालिका परतली ती काळाने मागे जाऊन. अण्णा आता हाडामांसाचे होते: माधव अभ्यंकरांचा तो भारदस्त, लोचट, क्रूर आणि कधी कधी केविलवाणा अण्णा. शेवंता झालेल्या अपूर्वा नेमळेकर घराघरांत पोचल्या. माईंच्या भूमिकेतल्या शकुंतला नरे यांनी तर गप्प राहून जे केले ते मला मराठी दूरदर्शनच्या इतिहासातल्या मोठ्या कामांपैकी वाटते. पांडूचे काम करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते, त्यामुळे भाषेला घरचा वास होता. भीती मात्र मागे सरकली. पुढे आली ती एका माणसाची वासना, त्याची जमिनीची हाव आणि त्याच्या पायाखाली चिरडली जाणारी माणसे.

पहिल्या पर्वाचे चाहते इथे बिथरले. त्यांचे म्हणणे असे की भुताची गोष्ट सांगतो म्हणून बसवले आणि बाईवेड्या सावकाराची गोष्ट सांगितली. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, माणसाचे भूत कसे होते ते दाखवले, यापेक्षा मोठी भुताची गोष्ट कुठली? मी या दुसऱ्या बाजूचा. अतृप्त माणूस मागे राहतो असे आपण म्हणतो, पण तो अतृप्त का राहिला हे इतक्या सावकाश, इतक्या निर्दयपणे मराठीत क्वचितच कुणी दाखवले असेल.

अण्णांवर लोकांनी एवढा जीव का लावला, याचे एक उत्तर पेडणे महालाला शोधावे लागत नाही. दशावतार बघत वाढलेल्या प्रेक्षकाला राक्षसाचा प्रवेश हवाच असतो. जत्रेच्या रात्री पहाटे तीनला पेंगणारी माणसे तो रंगपटातून बाहेर आला की ताठ बसतात. त्याचा वध होणार हे सगळ्यांना ठाऊक असते, तो व्हायलाच हवा असेही वाटत असते, तरी पुढच्या जत्रेला त्याचीच वाट बघितली जाते. अण्णांवरचे प्रेम त्या जातीचे होते. त्यात दुष्टपणाचे कौतुक आहे, ही टीका मला वरवरची वाटते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने चित्रीकरण थांबले, पुन्हा सुरू झाले आणि ऑगस्टच्या अखेरीस, चतुर्थी नुकतीच होऊन गेली असताना, दुसरे पर्व संपले. सात महिन्यांनी, मार्च २०२१ मध्ये, तिसरे आले. पण एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पुन्हा निर्बंध लागले. अनेक मराठी मालिकांनी तेव्हा आपला पसारा गोव्यात हलवला. मडगावच्या रवींद्र भवनातल्या चित्रीकरणाला विरोध झाला आणि मे महिन्यात गोवा सरकारने परवानग्या रद्द केल्या. आकेरीचा वाडा तर उचलून दुसरीकडे नेता येणारच नव्हता. मालिका गायब झाली ती ऑगस्टमध्ये परत आली, रात्री अकराच्या वेळेला. रोजची सवय एकदा मोडली की भीतीही विरते. तिसऱ्या पर्वाचे अर्धे नुकसान इथेच झाले असे मी मानतो.

पुढे त्याच वर्षी अपूर्वा नेमळेकर मालिकेतून बाहेर पडल्या आणि कृतिका तुळसकर शेवंता झाल्या. नेमळेकरांनी आपली कारणे जाहीरपणे मांडली. चाहत्यांची सरळ फाळणी झाली. गोव्यात मात्र या बदलाकडे थोडे वेगळ्या नजरेने बघणारे लोक मला भेटले. देवळाच्या उत्सवातले तेच नाटक, तीच भूमिका, यंदा एक आणि पुढच्या वर्षी दुसरा, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. आपण नटांची तुलना करतो, भांडतो, पण नट बदलला म्हणून नाटक खोटे पडले असे म्हणत नाही. म्हणून तिसऱ्या पर्वाच्या अपयशाचे खापर कृतिका तुळसकरांवर फोडणे मला अन्यायाचे वाटते.

दोष कथेत होता. तिसऱ्या पर्वात वाड्याला अवकळा आलेली, माई आणि मुलगा दत्ता खचलेले, धाकटा मुलगा अभिराम आणि त्याची बायको कावेरी परतलेले, आणि अण्णा-शेवंता आता भुते. ज्यांच्यासोबत दुसऱ्या पर्वात दीड वर्ष काढले, ज्यांचे सगळे उघडेनागडे पाहिले, त्यांना बघून आता घाबरा, अशी मागणी होती. ओळखीच्या माणसाचे भय वाटत नाही असे नाही, पण त्या भयाला कारण लागते.

याच ठिकाणी गोव्यातल्या प्रेक्षकाची तक्रार इतरांहून निराळी होते. आपल्याकडे अदृश्याला एक शिस्त आहे. जागा राखणारे अदृश्य राखणदार असतात, देवचार असतात, त्यांची हद्द असते, मान असतो. सीमेपलीकडे आरवलीला वेतोबा आहे, गोव्यातून नेमाने माणसे जातात. त्याला केळ्यांचे घड आणि थोरल्या वहाणा वाहतात, कारण रात्री तो गाव राखत फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. पैंगीणला, आमोण्याला वेताळ आहे. ही सगळी दैवते उग्र आहेत, पण त्यांच्याशी बोलता येते. चुकले तर गाऱ्हाणे घालता येते, कौल लावता येतो. पहिल्या पर्वात निदान असे विचारणे चालू होते. तिसऱ्यात अण्णा आणि शेवंता मनाला येईल तेव्हा प्रकटतात आणि घाबरवून जातात. त्यांना काय हवे, काय दिले म्हणजे ते शांत होतील, कुणी कुणाची क्षमा मागायची, हे प्रश्नच दूर राहतात.

लांबलेल्या मालिकेचे हे दुखणे जगभरचे आहे. अमेरिकेतली भुताखेतांची मालिका ‘सुपरनॅचरल’ २००५ मध्ये सुरू झाली. तिचे जनक एरिक क्रिपकी यांनी पाच वर्षांची कथा मनात धरली होती. ती २०१० मध्ये पूर्ण झाली आणि ते मुख्य जबाबदारीतून बाहेर पडले. मालिका पुढे २०२० पर्यंत चालली, ३२७ भाग झाले. पाचव्या वर्षी थांबायला हवे होते का, यावर तिचे चाहते अजून भांडतात. गोव्यातली कॉलेजची मुले दोन्ही मालिकांवर एका दमात बोलतात, आणि पुढची पर्वे वाईटच असतात असा सरसकट निकाल त्यांच्याकडून ऐकू येतो. मला तो पटत नाही. दुसरे पर्व पहिल्यापेक्षा सरस निघाले हे आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे. तिसऱ्याकडेही साहित्य होते: नवऱ्याच्या पापांसकट वाडा सांभाळत बसलेली माई, आणि त्या वाड्यात बाहेरून आलेली कावेरी. या दोघींनी मिळून अण्णा आणि शेवंताला समोर बसवून जाब विचारला असता, तर गोष्ट तिथेच पुरी झाली असती.