इतिहासाचं व्याख्यान आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण, कृपया एक समजू नका

जयंती-पुण्यतिथीचं प्रमुख पाहुण्यांचं भाषण कसं असतं ते आपल्याला पाठ आहे, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पंधरा मिनिटं, टाळ्या. ते असावंच. पण सोलापुरातल्या पेठांपासून बार्शी-अक्कलकोटपर्यंत मंडळं आणि वाचनालयं इतिहासाचं व्याख्यान ठेवतात तेव्हाही मागणी त्याचीच असते, आणि बाहेरगावचा वक्ताही तेच देऊन जातो, याचा मला मनापासून वैताग आलाय.

वेळ, प्रोजेक्टर, हार हे फरक किरकोळ. (मानधन मात्र आधीच ठरवा, ऐनवेळी पाकीट शोधत बसू नका.) खरा फरक एकच. व्याख्यानात समोरच्यानं "कशावरून?" विचारलं की वक्त्याला उत्तर द्यावं लागतं.

आपल्या सोलापूरचं 1930 च घ्या ना. "मार्शल लॉ लागला आणि चार हुतात्म्यांना फाशी दिली", भाषणात हे खपून जातं. व्याख्यानात तारखा मांडाव्या लागतात. 8 मेला रूपाभवानी मंदिराजवळ शिंदीची झाडं तोडल्यावरून गोळीबार, 12 मेला मार्शल लॉ, तो जूनअखेर उठला. आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली 12 जानेवारी 1931 ला. म्हणजे मार्शल लॉ उठून सहा महिने होऊन गेले होते! त्या सहा महिन्यांत या चौघांवरचा, पोलिसांना मारल्याच्या आरोपाचा खटला आहे, अपील आहे, आणि सांगण्यासारखं खरं तिथंच आहे, तेच गाळून लोक थेट फाशीवर उडी मारतात.

प्रश्नोत्तरांत हमखास कुणीतरी काका उठतात, "आमचे आजोबा तिथं होते" म्हणून. त्यांना गप्प बसवणारा वक्ता मला अजिबात आवडत नाही, आणि ते सांगतील ते तिथल्या तिथं इतिहास म्हणून डोक्यावर घेणाराही नाही. कुणाकडून ऐकलं, आजोबा मिलमध्ये होते का, कुठल्या पेठेत राहायचे, हे विचारून वहीत लिहून घ्यायचं, आणि कागदपत्रांतलं कुठलं, घरातली आठवण कुठली हे सभेलाच स्पष्ट सांगायचं.

तर आयोजकांनो, पत्रिकेवर "सोलापूरचा गौरवशाली इतिहास" छापू नका, "मार्शल लॉ ते फाशी: मधले सहा महिने" छापा, आणि शेवटची वीस मिनिटं प्रश्नांना ठेवा, आभारप्रदर्शन दोन वाक्यांत उरका.