थंड लागता?

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी पाठीच्या कण्यात सुई टोचली तेव्हा आधी पावलं गरम झाली. भूलतज्ज्ञ मॅडम स्पिरिटचा बोळा पोटरीवर फिरवत कोकणीत विचारत होत्या, "थंड लागता?" बोळा लागत होता, थंडपणा गेला होता. मग पाय जड झाले, आणि थोड्या वेळाने उचलेचनात.

हा क्रम गमतीचा आहे. मज्जातंतूतून निरोप जातो तो सोडियमचे आयन त्याच्या सूक्ष्म दारांतून आत घुसल्यामुळे. बुपिव्हाकेनसारखं बधिर करणारं औषध तंतूच्या आत शिरून आतल्या बाजूने ती दारं अडवतं. साधारणपणे बारीक तंतू आधी गप्प होतात. रक्तवाहिन्या आवळून धरणारे पहिले, म्हणून पावलं गरम. मग थंडी आणि वेदना नेणारे, नंतर स्पर्शाचे, आणि शेवटी स्नायू हलवणारे जाडजूड तंतू. त्यामुळे पोटात काहीतरी ओढल्यासारखं कळत राहतं, पण दुखत नाही. दाढ सुजलेली असली की इंजेक्शन नीट का लागू पडत नाही, तेही इथेच कळतं: सुजलेल्या जागी आम्लता वाढते, औषधाचे बरेच कण विद्युतभारित होतात आणि त्यांना तंतूचं स्निग्ध आवरण ओलांडता येत नाही.

पूर्ण भुलेची गोष्ट वेगळी. तिथे वाट अडवत नाहीत, निरोप घेणाऱ्या मेंदूलाच गप्प करतात. प्रोपोफॉल हे भुलेचं औषध मेंदूतल्या 'गाबा' या शामक रसायनाचा जोर वाढवतं. क्लोराइड पेशीत शिरतं आणि पेशी सहजी चेतत नाही. 'झोपवतो' असं आपण म्हणतो खरं, पण झोपलेला माणूस चिमट्याने उठतो, हा सुरीनेही उठत नाही. श्वासही मंदावतो, म्हणून भूलतज्ज्ञ उशाशी बसून असतात.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी संमोहन करणाऱ्या आबे फारियाचा पुतळा आहे. बाईवर हात पसरलेला तो पाद्री मला लहानपणी भूल देणारा डॉक्टरच वाटायचा. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या फारियाचं म्हणणं मात्र उलट होतं: संमोहनाची शक्ती करणाऱ्याच्या हातात नाही, झोपणाऱ्याच्या मनात आहे. प्रोपोफॉल मनाला विचारत नाही.

माझी भूल उतरली तीही उलट्या क्रमाने. आधी अंगठा हलला. मी खूश होऊन सिस्टरना दाखवला. टाके नंतर बोलू लागले.