डोळ्याची इजा, मनाचा आजार : पार्श्वभूमी

तीव्र मनोविकारात रुग्णाने स्वतःच्या डोळ्याला इजा केल्याची पहिली वैद्यकीय नोंद १८४६ची मानतात. १९०६मध्ये ब्लोंदेल या फ्रेंच डॉक्टरने ग्रीक कथेतल्या, स्वतःचे डोळे फोडून घेणाऱ्या इडिपस राजावरून या प्रकाराला ‘इडिपिझम’ म्हटले. नाव टिकले, पण घोटाळाही करून गेले. डॉक्टर अपराधभावनेची प्रतीके उकलत बसले. रुग्ण बहुतेकदा भ्रमाच्या आणि कानात येणाऱ्या आवाजांच्या अमलाखाली असतो, आणि त्यावर औषधच नव्हते. १९५२मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन वापरात आले, तेव्हा हात बांधून ठेवण्यापलीकडचा उपाय मिळाला.

गोव्यात वैद्यकशाळा १८४२पासून. पणजीतल्या आल्तिनो टेकडीवरच्या आबे फारिया इस्पितळातून १९८०मध्ये आयपीएचबी ही मानसोपचार संस्था उभी राहिली. आज ती आणि गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) दोन्ही बांबोळीतच आहेत. या आजारात हे शेजारपण मोलाचे, कारण डोळा आणि मन दोन्हीकडे त्याच रात्री पाहावे लागते.

डोळ्याचा गोळा फाटल्याचा संशय असला तर डोळा धुऊ नये, मलम घालू नये, दाबून पट्टी बांधू नये. कडेच्या हाडावर टेकणारे कडक कवच लावावे. रुग्णाला उपाशी ठेवावे आणि उलटीवर लगेच औषध द्यावे, कारण उमाळ्याने आतला ऐवज बाहेर येतो. धनुर्वाताची लस, शिरेतून अँटिबायोटिक, डोळ्याच्या खोबणीचा सीटी स्कॅन आणि शक्यतो २४ तासांत टाके. डोळा ओढला गेला असेल तर दृष्टिचेतेला (डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला), क्वचित मेंदूच्या आवरणालाही इजा होते. म्हणून चांगल्या डोळ्याचे दृष्टिक्षेत्रही तपासतात.

खरी चूक पुढे होते. टाके नीट पडले की नेत्रविभागाला काम संपल्यासारखे वाटते, आणि दुसरा डोळा धोक्यात असतानाच रुग्णाजवळचा पहारा उठतो. भ्रम ओसरेपर्यंत एका रुग्णामागे एक परिचारक हवाच. शांत करतानाही घाई नडते: ओलान्झापिन आणि लोराझेपाम ही दोन इंजेक्शने एकाच वेळी दिली तर श्वास मंदावू शकतो.

रुग्ण नकार देत असला तर? १९१२चा ‘ल्युनसी अ‍ॅक्ट’ आणि १९८७चा मानसिक आरोग्य कायदा दाखल करण्याच्या सोपस्कारांतच गुंतलेले होते. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ९४ गंभीर इजा टाळण्यासाठी ७२ तासांपर्यंत तातडीच्या उपचारांना वाट देते. नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने निर्णय घेण्यासाठी नेमलेली व्यक्ती) हजर असेल तर त्याची संमती घेऊन. या कलमाखाली विजेचे झटके मात्र देता येत नाहीत. आवाज ऐकू येतात, डोळ्यांबद्दल विचित्र बोलणे चालू आहे, एवढ्यावरच घरच्यांनी रुग्णवाहिकेचा १०८ किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावावा. देवाला गाऱ्हाणे नंतरही घालता येते.